उन्हाळी वर्ग आणि कपाटाची किल्ली

मे महिना आला की शाळा बंद होतात आणि शिक्षकांचे वर्ग उघडतात. या वर्गांच्या यादीत अधूनमधून शालेय ग्रंथपालांचाही एक वर्ग असतो. त्याला कधी उद्बोधन वर्ग म्हणतात, कधी कार्यशाळा, कधी क्षमतावर्धन शिबिर. नाव काहीही असले तरी स्वरूप ठरलेले. दोन-तीन दिवसांचा कार्यक्रम. पहिल्या सकाळी दीपप्रज्वलन आणि वाचनाचे महत्त्व सांगणारे एक भाषण. दुपारी दाखल-नोंदवहीचे रकाने, वर्गीकरणाचे आकडे, साठा-पडताळणीचे तक्ते. अलीकडच्या काळात त्यांत संगणकावरील नोंदींची भर. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र, सामूहिक छायाचित्र आणि प्रवासभत्त्याचा अर्ज. जूनमध्ये शाळा उघडते. प्रमाणपत्र फायलीत जाते. ज्या कपाटासाठी हा सगळा खटाटोप झाला ते कपाट मात्र उघडत नाही.

अशा वर्गांना जो बसला आहे त्याला मी अतिशयोक्ती करीत नाही हे ठाऊक असेल. मीही बसलो आहे. या वर्गांवर माझा आक्षेप असा, की ते ग्रंथपालाला पुस्तके राखायला शिकवतात आणि मुलांच्या हाती द्यायला शिकवत नाहीत. हा आक्षेप कोणा एका खात्यावर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. शाहपूर-बुऱ्हाणपूरच्या आपल्या मराठी घरांचे या प्रश्नात जितके हित गुंतले आहे तितके ज्यांनी हे वर्ग भरवायचे त्यांचेही नाही, आणि तरीही या विषयावर आपण आजवर एक अवाक्षर काढलेले नाही.

आपले हित कसे गुंतले आहे ते आधी सांगतो.

१९५६ पूर्वी आपली राजधानी नागपूर होती. जुन्या मध्य प्रदेशात हिंदीच्या बरोबरीने मराठीही राजभाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण भोपाळकडे राहिलो. सीमा इच्छापूरच्या पलीकडे आखली गेली. तापीच्या काठाने केळीचे मळे या राज्यातून त्या राज्यात सलग जातात. शाळांची वेळापत्रके मात्र जात नाहीत. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५०-क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी राज्याने कराव्यात, असे ते सांगते. हे कलम आपल्या सभांतून वारंवार उच्चारले जाते आणि ते उच्चारलेच पाहिजे. परंतु मराठीचा एक तास मिळवायचा म्हणजे काय काय लागते याचा विचार करा. पद मंजूर व्हावे लागते, शिक्षक नेमावा लागतो, पाठ्यपुस्तके वेळेवर यावी लागतात, परीक्षेत विषय असावा लागतो. यांतली एक कडी तुटली की तास बुडतो. शिवाय आपल्यापैकी बहुतेकांनी आपली मुले इंग्रजी किंवा हिंदी माध्यमात घातली आहेत. त्यांच्यासाठी तो तास मागण्याचा नैतिक अधिकारही आपण बराचसा गमावला आहे.

ग्रंथालयाचे तसे नाही. शाळेच्या कपाटात मराठी पुस्तके ठेवायला वेळापत्रकात जागा लागत नाही, परीक्षामंडळाची अनुमती लागत नाही. एक फळी लागते आणि त्या फळीवर काय आहे हे माहीत असलेले एक माणूस लागते. शाळा कोणत्याही माध्यमाची असो, तिच्यात मराठीला शिरता येईल असा हा एकच दरवाजा आपल्याला उरला आहे आणि त्याची किल्ली शालेय ग्रंथपालाच्या हाती आहे. तो किंवा ती मेमधल्या तीन दिवसांत काय शिकते, यावर आपल्या नातवंडांच्या हाती मराठी पुस्तक पडणार की नाही हे ठरते. इतका हा सरळ संबंध आहे.

आता कपाट बंद का राहते ते पाहू. त्याची कारणे विचारली की साधारणपणे अनुदानाची कमतरता, जागेचा अभाव आणि मुलांची अनास्था ही तीन सांगितली जातात. तिन्ही कारणे अंशतः खरी आहेत. तरी ज्या शाळांत पुस्तके आहेत, खोली आहे आणि काचेला नाक लावून पाहणारी मुलेही आहेत, तिथेही कुलूप असते. एका शाळेत मी कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या बाईंना विचारले होते, की पुस्तके मुलांना का देत नाही? त्या गणिताच्या शिक्षिका. ग्रंथालय हा त्यांच्याकडचा अतिरिक्त कार्यभार. त्या म्हणाल्या, "सर, हरवले तर भरून कोण देणार? मागच्यांचे पैसे कापले गेले होते." त्या आळशी नव्हत्या, पुस्तकांच्या शत्रूही नव्हत्या. नोंदवहीत जितकी पुस्तके दाखल तितकी कपाटात दिसली पाहिजेत, हा एकच निकष त्यांना ठाऊक होता. आणि या निकषाला पूर्णपणे उतरायचे तर पुस्तक कोणालाही न देणे हा एकमेव खात्रीचा मार्ग आहे.

ही भीती कोणत्याही उन्हाळी वर्गाच्या विषयपत्रिकेवर मी कधी पाहिली नाही. वास्तविक तिचे उत्तर सरकारी नियमांतच सापडते. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, २००५ च्या आवृत्तीत आणि २०१७ च्या सुधारित आवृत्तीतही, ग्रंथालयांच्या पडताळणीविषयी एक तरतूद आहे. वर्षभरात दिलेल्या अथवा चाळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे हे वाजवी समजावे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. एक हजार रुपयांहून अधिक किमतीच्या व दुर्मीळ ग्रंथांची चौकशी करावीच, असेही त्यात आहे. हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत. राज्याच्या आणि संस्थांच्या शाळांना त्यांचे त्यांचे नियम असतात, हे मला मान्य आहे. पण या तरतुदीमागचे शहाणपण पाहावे. सूट कपाटात किती पुस्तके आहेत यावर मोजलेली नाही. किती दिली-घेतली यावर मोजलेली आहे. जो ग्रंथपाल वर्षात दोन हजार वेळा पुस्तक देईल त्याची दहा पुस्तके गेली तरी ती वाजवी ठरतात. जो एकही देणार नाही त्याचे एक गेले तरी तो जबाबदार. म्हणजे नियम करणाऱ्यानेही देणाऱ्याच्या बाजूने विचार केला होता. आपल्या शाळांतून चित्र नेमके उलटे झाले आहे आणि त्या शिक्षिकेला हे सांगणारा वर्ग अजून भरायचा आहे.

हे दुखणे नवे नाही. १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, ज्याला आपण मुदलियार आयोग म्हणतो, शालेय ग्रंथालयांची जी अवस्था नोंदवली ती वाचताना आपल्याच तालुक्याचा अहवाल वाचतो आहोत असे वाटते. जुनी व मुलांच्या आवडीचा विचार न करता निवडलेली पुस्तके, अनाकर्षक खोली, आणि कारभार एखाद्या कारकुनाकडे किंवा ग्रंथांविषयी विशेष प्रेम नसलेल्या शिक्षकाकडे. प्रशिक्षित ग्रंथपाल नेमावेत आणि जिथे स्वतंत्र ग्रंथपाल नाहीत तिथे शिक्षकांना अल्पकालीन वर्गांतून या कामाची तत्त्वे शिकवावीत, अशी शिफारस आयोगाने केली. म्हणजे आजचे उन्हाळी वर्ग त्या शिफारशीचे वारस. त्यानंतर २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तिथे वृत्तपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. ग्रंथपाल असावा असे त्या परिशिष्टात म्हटलेले नाही. विहीर खणून द्यायची आणि पोहरा-दोर ज्याचा त्याने आणायचा, असा हा न्याय आहे. या उणिवेमुळेच उन्हाळी वर्गाचे महत्त्व वाढते. ज्याचे पदच कागदावर नाही त्याला आधार म्हणून तेवढे तीन दिवसच मिळतात. तेही रकाने भरण्यात घालवायचे काय?

उन्हाळी वर्गाची कल्पना मुळात क्षुद्र नव्हती. गणिताचे प्राध्यापक असलेले शि. रा. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि १९२९ मध्ये त्या संघाने ग्रंथालयशास्त्राचा उन्हाळी वर्ग सुरू केला. १९३१ मध्ये तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. त्याच वर्षी रंगनाथनांनी आपली सुप्रसिद्ध पंचसूत्री ग्रंथरूपाने मांडली. त्यांतले पहिले सूत्र ग्रंथाच्या उपयोगाविषयी आहे, आणि ते विशद करताना त्यांनी युरोपातील जुन्या ग्रंथालयांत पोथ्या साखळदंडांनी बांधून ठेवीत त्याची आठवण करून दिली. पुढे वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धती रचणाऱ्या या माणसाने सुरुवात वर्गीकरणापासून केली नाही. साखळी सोडण्यापासून केली. आपल्या वर्गांनी त्यांच्याकडून आकडे उचलले. प्रतिवर्षी १२ ऑगस्टला त्यांच्या तसबिरीला हारही घातला जातो. साखळी तेवढी कुलपाच्या रूपाने राहिली.

आपल्याला याहून जवळचे उदाहरण बडोद्याचे आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली आणि ती चालवणाऱ्या माणसांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग काढला. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरत. ज. स. कुडाळकरांच्या संपादनाखाली तिथून जे ग्रंथालयविषयक नियतकालिक १९१२ पासून निघाले त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी विभागही असत. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. प्रजा मुख्यतः गुजराती, मराठी माणसे परमुलुखात स्थायिक झालेली, आणि तरीही ग्रंथपालाचे शिक्षण दोन्ही भाषांतून चालले. आपणही असेच परमुलुखात रुजलेले लोक. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर आणि अशीरगड मराठ्यांकडे आले, तेव्हाची परंपरा सांगणारी घरे आपल्यात आहेत. त्याच्या आधी नांगर घेऊन तापीकाठाने आलेलीही आहेत. इतक्या पिढ्यांत आपण देवळे बांधली, धर्मशाळा बांधल्या, उत्सव चालवले. शाळेतल्या ग्रंथपालाला मराठी पुस्तकांची ओळख करून द्यावी असे मात्र आपल्याला एकदाही सुचले नाही.

परिणाम असा, की शाहपूरचा ग्रंथपाल दोन्हीकडून निसटतो. आपल्याकडच्या वर्गात त्याला हिंदी बालसाहित्याची यादी मिळते, मराठीची मिळत नाही. पलीकडे जळगावला काही भरले तर तो परराज्यातला म्हणून त्याला आमंत्रण नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात, एवढी साधी माहितीही त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवत नाही.

त्यात आपल्या बोलीचा पेच आहे. घरी आपली मुले तापीकाठची मराठी बोलतात, तीत हिंदी आणि निमाडी मिसळलेली. पुण्या-मुंबईच्या वळणाचे पुस्तक एकदम हाती दिले तर ते त्यांना परके वाटते आणि 'मुलांना मराठी आवडत नाही' असा निष्कर्ष आपण काढून मोकळे होतो. असोद्याच्या बहिणाबाईंची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. ती मोठ्याने वाचून दाखवली तर इथल्या मुलाला आपल्या आजीचा आवाज ऐकू येईल. पण ग्रंथपालाने ते पुस्तक 'कविता, प्रौढ विभाग' असे नोंदवून वरच्या फळीवर ठेवलेले असते. नोंद बिनचूक असते आणि पुस्तक वाया जाते. कोणत्या मुलाला कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करून द्यावी, मोठ्याने कसे वाचावे, पुस्तक परत आल्यावर मुलाला परीक्षेसारखे न विचारता काय विचारावे, हे शिकवायला हवे. अमळनेरला साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढीत. त्यासाठी अनुदान लागले नाही. मुलांना आज काय वाचावेसे वाटेल याची रोज काळजी वाहणारे मन लागले. त्या मनाची मशागत करणे हेच प्रशिक्षण.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की आता प्रत्येकाच्या हाती फोन आहे, ग्रंथालयाची भाषा कशाला? त्याला उत्तर थोडक्यात देतो. फोनमध्ये मराठी पुष्कळ आहे. पण मूल ते आपणहून शोधत नाही, कारण ते आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सांगणारे माणूस हवे, म्हणजे पुन्हा ग्रंथपालच हवा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तीन दिवसांच्या वर्गाने काय होणार? प्रशिक्षणे येतात आणि जातात, शिक्षक होते तिथेच राहतात.

हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. पण याच राज्यात त्याचे उत्तर एकदा दिले गेले आहे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी शाळांतून विज्ञान शिकवण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, त्याचा कणा उन्हाळ्याच्या सुटीतली शिक्षक-प्रशिक्षणे हाच होता. ती एकदा होऊन संपत नसत. तोच शिक्षक पुढच्या उन्हाळ्यांतही येई. मधल्या काळात मासिक गोष्ठी होत. शिक्षक आपापल्या अडचणी घेऊन जमत आणि मार्गदर्शक प्रत्यक्ष शाळांत जाऊन बसत. १९७८ मध्ये तो कार्यक्रम जिल्हाभर पसरला आणि तीस वर्षे चालला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला, ही त्या कहाणीची दुःखद अखेर. शिक्षक कंटाळले म्हणून तो बंद पडला नाही. यातून शिकायचे ते इतकेच, की मेमध्ये पेरले तर जुलैपासून मार्चपर्यंत निंदणी-खुरपणी करावी लागते. पेरून घरी जाणाऱ्याला पीक आले नाही अशी तक्रार करता येत नाही. हे केळी लावणाऱ्यांना मी सांगावे असे नाही.

म्हणून माझे म्हणणे शासनाकडे कमी आणि आपल्याकडे अधिक आहे. आपण शाळांना पुस्तके देतो असे अभिमानाने सांगतो. काय देतो? आजोबा वारले, माळा रिकामा करायचा आहे, तेव्हा कसर लागलेले जुने खंड, अर्धवट संच आणि कोणी न वाचलेले स्मृतिग्रंथ गाठोड्यात बांधून आपण शाळेत नेऊन टाकतो. मुख्याध्यापक संकोचाने ते स्वीकारतात, ग्रंथपाल प्रत्येकाची नोंद करतो, आणि मग त्या अडगळीचीही जबाबदारी जन्मभर त्याच्या माथी बसते. दान म्हणून दिलेली अडगळ हीच कपाटाला लागलेले दुसरे कुलूप आहे. निर्लेखनाची पद्धत ग्रंथपालाला शिकवली गेलेली नसते, त्यामुळे फाटके पुस्तक काढताही येत नाही आणि नव्याला जागाही होत नाही.

आपल्या मंडळाने दोन कामे करावीत. एक, येत्या मे महिन्यात शाहपूर आणि परिसरातील शाळांच्या ग्रंथपालांसाठी, ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांसाठी, शाहपुरातच पाच दिवसांचा वर्ग घ्यावा. वेळ सकाळी सात ते अकरा. उन्हाच्या कहरात दुपारी कोणी शिकत नाही. मराठी येणारे आणि न येणारे दोघेही त्यात असावेत, कारण पुष्कळ शाळांत किल्ली हिंदीभाषक व्यक्तीकडेच आहे आणि ती आपली वैरीण नाही. तिला पन्नास मराठी पुस्तके गोष्टीसह माहीत झाली तरी पुष्कळ झाले. नोंदवही, निर्लेखन, पडताळणी हे विषय एका सकाळीत उरकावेत. उरलेल्या चार सकाळी पुस्तके वाचण्यात, वाचून दाखवण्यात आणि मुलांना बोलावून प्रत्यक्ष देवघेव करण्यात जाव्यात. पुढे जुलैपासून महिन्यातून एकदा त्यांनी एकत्र जमावे. चहाचा खर्च मंडळाने करावा आणि एका सभासदाने तिथे बसून केवळ ऐकावे.

दोन, मंडळाने 'हरवलेल्या पुस्तकांचा निधी' उभारावा. ज्या शाळा कपाट उघडे ठेवतील त्यांची हरवलेली व फाटलेली बालपुस्तके आपण नव्याने भरून द्यायची. अट एकच, वर्षभरात देवघेव किती झाली याची वही दाखवावी. हिशेब करा. दोन हजार वेळा पुस्तक दिले आणि दहा गेली, प्रत्येकी शंभर-दीडशे रुपये धरले, तर एका शाळेमागे वर्षाला हजार ते दीड हजार रुपये होतात. वार्षिक संमेलनात आपण जितक्या शाली पांघरतो त्यांतल्या दोन-चार कमी केल्या तर एक शाळा भागते. त्या शिक्षिकेच्या "भरून कोण देणार?" या प्रश्नाला 'आम्ही देऊ' असे उत्तर द्यायला आपल्याला एवढेच लागणार आहे.

कोणी म्हणेल, मुले पुस्तके घरी नेतील आणि आणणारच नाहीत. आणू नयेत. शाहपूरच्या एखाद्या घरात, जिथे पाठ्यपुस्तकाखेरीज कागद नाही, तिथे एक मराठी गोष्टीचे पुस्तक कायमचे राहून गेले, तर त्याला हरवले म्हणायचे की पोहोचले म्हणायचे, हे आपण ठरवावे. मी ते पोहोचले असे लिहीन आणि निधीतून दुसरे आणीन.

हा प्रस्ताव मी पुढील वार्षिक सभेत मांडणार आहे. कार्यकारिणीने तो मान्य करावा. अमान्य करायचा असेल तर कारणे याच अंकात छापावीत. मराठी बुडाली हो, असा टाहो फोडणारे आणखी एक भाषण मात्र त्या सभेत कोणी करू नये. ते आम्ही पुष्कळ ऐकले आहे आणि ते होत असताना शेजारच्या शाळेतले कपाट बंदच होते.